स्थानिक शस्त्रबंदी आणि न्यायालयीन दाद : चांदा प्रदेशाच्या संदर्भात

शस्त्रबंदीचा इतिहास लिहिणारे बहुधा कायद्यांचा इतिहास लिहितात. कोणत्या साली कोणता अधिनियम झाला आणि त्यात कोणत्या शिक्षा होत्या, हे सांगितले की त्यांचे काम संपते. परंतु गावात राहणाऱ्या माणसाची गाठ अधिनियमाशी क्वचितच पडते. त्याची गाठ पडते ती हुकमाशी. हा हुकूम तहसील कचेरीच्या फलकावर डकवलेला असतो, पोलीस पाटलाकडून वाचून दाखवला जातो, आणि त्याची मुदत संपण्यापूर्वी तो बहुतेकांनी पुरता वाचलेलाही नसतो. अशा हुकमांना न्यायालयात आव्हान देण्याचे जे प्रयत्न आपल्याकडे झाले, त्यांची गती अतिशय मंद राहिली आहे. ती मंद का राहिली आणि त्या मंद गतीतून पदरात नेमके काय पडले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

प्रस्तुत लेखक कायद्याचा अभ्यासक नाही. भाषाशास्त्र हे त्याचे क्षेत्र. तथापि हुकूम हा प्रथमतः एक भाषिक घाट आहे. मराठी सरकारी हुकमाची दोन अंगे असतात. 'ज्याअर्थी' या शब्दाने सुरू होणारे पहिले अंग कारण सांगते. 'त्याअर्थी' या शब्दाने सुरू होणारे दुसरे अंग आज्ञा करते. शस्त्रबंदीविरुद्धच्या न्यायालयीन झगड्याचा इतिहास या दोन अंगांच्या आधारे वाचला, तर कायदेपंडितांच्या विवेचनात सहसा न येणारी एक गोष्ट स्पष्ट होते. न्यायालयांनी 'त्याअर्थी'ला फारसा हात लावलेला नाही. त्यांनी जे काही मिळवून दिले ते 'ज्याअर्थी'च्या भागात.

प्रथम प्रदेशाविषयी थोडे. वर्धा आणि वैनगंगा या नद्या एकत्र येऊन प्राणहिता होते, त्या संगमाच्या वरच्या अंगाला गोंडपिपरी तालुका पसरला आहे. तो चंद्रपूर जिल्ह्यात मोडतो. पूर्वेस वैनगंगेपलीकडे गडचिरोली जिल्हा लागतो. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन्ही जिल्हे मिळून एकच जिल्हा होता, आणि १९६४ पर्यंत त्याचे नाव चांदा असे होते. धान, कापूस आणि जंगल यांवर येथले जीवन उभे आहे. रानडुकरांचे कळप पिकलेल्या धानात शिरले की एका रात्रीत वर्षाची मेहनत जाते, हे या भागात कोणालाही समजावून सांगावे लागत नाही. त्यामुळे बंदूक हा येथे शौकाचा विषय पूर्वीही नव्हता आणि आजही नाही.

बंदुकीला येथे जो शब्द आहे तोही पाहण्यासारखा आहे. नळीच्या तोंडातून दारू व छरे भरावयाच्या बंदुकीला कोकणात आणि देशावर 'ठासणीची बंदूक' म्हणतात. गडचिरोलीच्या पट्ट्यात मात्र तिला 'भरमार' म्हणतात. भरणे आणि मारणे या दोन क्रिया एका शब्दात बसवलेल्या आहेत. शब्दात जी घाई दिसते ती वस्तूत नाही, कारण एकदा मारल्यावर पुन्हा भरावयास वेळ लागतो आणि तोवर डुक्कर पसार झालेले असते. 'हत्यार' आणि 'शस्त्र' हे दोन शब्दही समानार्थी नाहीत. सुताराची पटाशी हत्यार आहे, खंडेनवमीला पूजा होते ती कुऱ्हाडही हत्यार आहे. शस्त्र म्हटले की मात्र युद्धाची छाया येते. इंग्रजी अमदानीत लोक 'हत्यारांचा कायदा' म्हणत. आजचे अधिकृत नाव 'शस्त्र अधिनियम' असे आहे. जंगलात राहणाऱ्या माणसाच्या खांद्यावरची कुऱ्हाड या दोन शब्दांच्या मधल्या फटीत सापडते, आणि अनेक हुकूम नेमके त्याच फटीतून आत येतात.

१८५७ साली कंपनी सरकारने शस्त्रे बाळगण्यावर नियंत्रण आणणारा २८ वा अधिनियम केला. त्याच्या पुढच्याच वर्षी चांदा प्रदेशात मोलमपल्लीचे जमीनदार बाबुराव शेडमाके यांनी बंड केले. आरपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी बाबुरावांना चांद्यास फाशी देण्यात आले. १८६० चा ३१ वा अधिनियम आणि १८७८ चा ११ वा अधिनियम हे त्यापुढील टप्पे होत. शेवटचा लॉर्ड लिटनच्या कारकिर्दीतला. त्यातील भेद उघड होता : युरोपियनांना सूट आणि नेटिवांना परवाना. ही वर्णाधिष्ठित सूट पहिल्या महायुद्धानंतर नियम बदलण्यात आले तेव्हा गेली. त्याच १८७८ साली वनांचाही कायदा झाला होता. देशाच्या इतर भागांत हा योगायोग केवळ तारखांचा म्हणून सोडून देता येईल. चांद्यासारख्या जिल्ह्यात तसे करता येत नाही. ज्या माणसाकडून बंदूक गेली त्याच माणसाकडून जंगलही जात होते. एकासाठी कलेक्टर कचेरीचा परवाना आणि दुसऱ्यासाठी वनखात्याचा, अशा दोन दारांवर त्याला उभे राहावे लागले.

या कायद्याविरुद्ध आपल्या प्रदेशात झालेली सर्वांत ठळक चळवळ म्हणजे १९२७ चा नागपूरचा शस्त्रसत्याग्रह. 'जनरल' म्हणून ओळखले जाणारे मंचरशा आवारी हे तिचे नेते. स्वयंसेवक तलवारी घेऊन नागपूरच्या रस्त्यांवरून निघत आणि पकडले जात. महात्मा गांधींना हा मार्ग पसंत नव्हता, आणि तसे त्यांनी 'यंग इंडिया'तून लिहिलेही. आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षात घ्यावयाचे ते हे की, या सत्याग्रहींनी न्यायालयाकडे दाद मागितली नाही. न्यायालय हे त्यांच्या लेखी शिक्षा घेण्याचे ठिकाण होते. कायदा परकीयांचा आणि न्यायालयही त्यांचेच, अशी स्थिती असताना यापेक्षा वेगळे काही घडण्याची अपेक्षाही करता येत नाही. परंतु याचा एक परिणाम असा झाला की, स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर येईपर्यंत आपल्याकडे शस्त्रांविषयीचा राजकीय युक्तिवाद भरपूर होता, कायदेशीर युक्तिवाद मात्र जवळजवळ नव्हता.

तो युक्तिवाद संविधानात येण्याची संधी होती. १९२८ च्या नेहरू अहवालात आणि १९३१ च्या कराची ठरावात, नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकाला असावा, असे कलम होते. संविधान सभेत डिसेंबर १९४८ मध्ये हरि विष्णु कामथ यांनी ते कलम मूलभूत हक्कांत घालण्याची दुरुस्ती सुचवली. कामथ हे मध्यप्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी, म्हणजे चांदा जिल्हा ज्या प्रांतात होता त्याच प्रांताचे. डॉ. आंबेडकरांनी दुरुस्तीस विरोध केला. कराचीचा ठराव परकीय सत्तेच्या निःशस्त्रीकरणाला दिलेले उत्तर होते, ती परिस्थिती आता राहिली नाही. आणि हा हक्क सर्वांना दिला तर ज्यांच्या हाती हत्यार असणे समाजास घातक आहे त्यांनाही तो सांगता येईल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. दुरुस्ती फेटाळली गेली. पुढच्या सर्व न्यायालयीन इतिहासाचे मूळ या एका निर्णयात आहे. अमेरिकेतील अर्जदार आपल्या संविधानातील एका वाक्यावर बोट ठेवू शकतो. आपल्याकडील अर्जदाराजवळ असे वाक्य नाही. त्याला समानतेच्या १४ व्या, स्वातंत्र्याच्या १९ व्या किंवा जीविताच्या २१ व्या अनुच्छेदातून वळसा घालून यावे लागते.

हा वळसा पुरा करून मुक्कामास पोहोचण्याचा एक प्रयत्न अलाहाबाद उच्च न्यायालयात झाला. १९९३ मध्ये अल्मोड्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यांविरुद्धच्या एका प्रकरणात त्या न्यायालयाने शस्त्र बाळगण्याचा संबंध थेट २१ व्या अनुच्छेदाशी जोडला, आणि अर्जाला तीन महिन्यांत उत्तर न आल्यास परवाना मिळाला असे समजावे, असेही म्हटले. निर्णय धाडसी होता. तो टिकला नाही. त्याच न्यायालयाच्या पूर्ण पीठाने पुढे तो अमान्य केला. परवाना ही राज्याने दिलेली मुभा आहे, मूलभूत हक्क नव्हे, ही भूमिका त्यानंतर पक्की होत गेली.

मूलभूत हक्क नाही म्हणजे मुळीच हक्क नाही, असे मात्र नव्हे. १९५९ चा शस्त्र अधिनियम (तो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला) काळजीपूर्वक वाचला तर त्यात आपल्या प्रदेशाच्या दृष्टीने दोन विलक्षण गोष्टी आढळतात. पहिली गोष्ट व्याख्येत आहे. केवळ घरगुती वा शेतीच्या उपयोगासाठी बनवलेल्या लाठी, साधी काठी यांसारख्या वस्तू 'शस्त्र' या संज्ञेतून वगळल्या आहेत. दुसरी गोष्ट १३ व्या कलमात आहे. पिकांच्या खऱ्याखुऱ्या संरक्षणासाठी तोंडाने भरावयाच्या बंदुकीचा परवाना नागरिकाने मागितला, तर परवाना अधिकाऱ्याने तो 'द्यावा', असे तेथे म्हटले आहे. 'देऊ शकेल' असे नाही. अर्थात नकाराची कारणे १४ व्या कलमात दिलेली आहेतच. पण त्या कलमातही असे सांगितले आहे की, अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणाने परवाना नाकारता येणार नाही. वाक्यरचनेच्या दृष्टीने पाहता संसदेने येथे भरमारधारी शेतकऱ्याला साऱ्या अधिनियमात वरचे स्थान दिले आहे. हे कलम गोंडपिपरीच्या शेतकऱ्याला कोणी वाचून दाखवले असेल, असे मला वाटत नाही.

अधिनियम असा उदार, मग बंदी येते कोठून? ती येते इतर कायद्यांतून. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ (आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम) याचे ३७ वे कलम त्यांपैकी सर्वांत परिचित आहे. सणवार, मोर्चे, निवडणुका, कोणताही तणाव असला की जिल्हा दंडाधिकारी त्या कलमाखाली हुकूम काढतात. त्यातील निषिद्ध वस्तूंची यादी तलवार, भाला, बंदूक, सुरा येथून सुरू होऊन काठी आणि लाठीपर्यंत येते, आणि शारीरिक इजा करण्यास उपयोगी पडेल अशा कोणत्याही वस्तूपर्यंत जाऊन थांबते. एका कायद्याने जी लाठी शस्त्र नाही, ती दुसऱ्या कायद्याखालच्या हुकमाने शस्त्राच्या शेजारी जाऊन बसते. याच कलमाच्या तिसऱ्या पोटकलमात जमावबंदी आहे, आणि तिला शासनाच्या मंजुरीवाचून पंधरा दिवसांची मर्यादा आहे. व्यवहारात दोन्ही पोटकलमे एकाच हुकमात गोवली जातात, त्यामुळे पंधरा-पंधरा दिवसांचे हुकूम एकापाठोपाठ निघतात. दुसरे साधन फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १४४ व्या कलमाचे. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १६३ व्या कलमाने घेतली आहे. त्याची मुदत दोन महिने, आणि राज्य शासनाने वाढवल्यास आणखी सहा महिने.

येथे मंदगतीचे पहिले आणि सर्वांत साधे कारण सापडते. हुकमाचे आयुष्य पंधरवड्यांत किंवा महिन्यांत मोजले जाते, दाव्याचे वर्षांत. गोंडपिपरीच्या माणसाला उच्च न्यायालयात जावयाचे तर चंद्रपूर ओलांडून नागपूर गाठावे लागते. वकील पाहून, कागद जमवून, अर्ज दाखल होईपर्यंत हुकूम संपलेला असतो. मग सरकारी वकील उभे राहून सांगतात की आता वादाला विषयच उरला नाही. आणि ते खोटे नसते.

विदर्भातील एक प्रकरण या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५६ च्या जानेवारीत नागपुरात कापड गिरणी कामगारांच्या दोन संघटनांत तंटा होऊन जिल्हा दंडाधिकाऱ्यांनी १४४ व्या कलमाखाली हुकूम काढला. त्याविरुद्ध बाबुलाल पराते यांनी दाद मागितली. सर्वोच्च न्यायालयाचा निकाल लागला जानेवारी १९६१ मध्ये. दोन महिन्यांच्या हुकमावर पाच वर्षांनी निर्णय झाला. मधल्या काळात नागपूरचे उच्च न्यायालय मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ झाले होते, जिल्हा मध्यप्रदेशातून द्वैभाषिक मुंबईत आणि तेथून महाराष्ट्रात आला होता. निकालाने कलम घटनात्मक ठरवले आणि अर्ज फेटाळला. तरीही त्याला निष्फळ म्हणता येणार नाही. दंडाधिकाऱ्याची सत्ता तातडीच्या प्रसंगापुरती आहे, तिला समोरच्या वस्तुस्थितीचा आधार हवा, आणि ती न्यायालयीन तपासणीस मोकळी आहे, हे त्यात मान्य झाले. अर्जदार हरला, पण 'ज्याअर्थी'त काहीतरी लिहिणे दंडाधिकाऱ्यास भाग पडले.

पुढचे पाऊल बावीस वर्षांनी पडले. कलकत्त्यात आनंदमार्गी पंथाचे लोक सुरा, त्रिशूळ, कवटी आणि जिवंत साप घेऊन मिरवणुकीत तांडव करीत. १९७९ पासून तेथील पोलीस आयुक्तांनी १४४ व्या कलमाखाली त्यास मनाई करणारे हुकूम पुनःपुन्हा काढले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर १९८३ मध्ये निर्णय देताना तांडवाचा हक्क मान्य केला नाही. मात्र तातडीसाठी दिलेली सत्ता हुकमांची माळ ओवून कायमची करता येणार नाही, असे बजावले. याही वेळी अर्जदाराला हवे होते ते मिळाले नाही; मिळाली ती हुकमाच्या पुनरुक्तीला मर्यादा. आनंदमार्गींना न मिळालेला हा लाभ पुढे इतरांच्या कामी आला. २०२० मध्ये काश्मीरविषयक प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुनरावृत्त हुकमांविषयीचे तेच तत्त्व पुन्हा मांडले.

या सर्वांत आपल्या विषयाच्या मर्मावर येऊन ठेपलेले प्रकरण गोव्याचे आहे. निवडणूक जाहीर झाली की परवानाधारकांनी आपल्या बंदुका पोलीस ठाण्यात जमा कराव्यात, अशी प्रथा देशभर रूढ होती. गोव्याच्या डोंगराळ भागातील काजू-सुपारीच्या बागायतदारांना तिचा त्रास व्हावा हे ओघानेच येते. तेथील एका परवानाधारकाने मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात २००९ साली अर्ज केला. त्या प्रकरणातील निर्णयाला अनुसरून निवडणूक आयोगाने मार्गदर्शक सूचना काढल्या. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस अधीक्षक यांची छाननी समिती असावी, जामिनावर सुटलेले, गुन्ह्यांचा पूर्वेतिहास असलेले, विशेषतः निवडणुकीच्या काळात दंगलीत सापडलेले असे परवानाधारक तिने निवडावेत, ज्याची बंदूक घ्यावयाची त्याला व्यक्तिशः नोटीस द्यावी, पावती द्यावी, आणि निकालानंतर आठवड्याच्या आत बंदूक परत करावी.

या सूचनांचे व्याकरण पाहावे. पूर्वीच्या हुकमाचा कर्ता अनेकवचनी होता : 'सर्व परवानाधारकांनी'. २००९ नंतर तो एकवचनी व्हावा लागला : 'या परवानाधारकाने'. क्रियापद तेच राहिले : 'जमा करावी'. बंदूक घेण्याची सत्ता न्यायालयाने काढून घेतली नाही. माणसामाणसांत भेद करण्याची जबाबदारी तिच्यावर टाकली. अनेकवचनी हुकमाला कारणाची गरज नसते, कारण निवडणूक हेच सर्वांना पुरणारे कारण असते. एकवचनी हुकमाला त्या माणसाविषयी काहीतरी माहीत असावे लागते. शस्त्रबंदीविरुद्ध आपल्याकडे जी न्यायालयीन प्रगती झाली ती या वचनबदलात सामावलेली आहे, असे मला वाटते. ती लहान आहे. परंतु ज्या शेतकऱ्यावर एकही गुन्हा नाही त्याच्या घरातली बंदूक घरात राहते की ठाण्यात जाते, हे तिच्यावर अवलंबून आहे.

तिचा अंमल मात्र रडतखडतच झाला. समिती नेमावयाची, प्रत्येकाची कागदपत्रे पाहावयाची, नोटिसा काढावयाच्या, यापेक्षा सर्वांना एकच हुकूम काढणे कोणत्याही कचेरीस सोपे वाटते. २००९ च्या निर्णयानंतर पंधरा वर्षांनी, २०२४ मध्ये, अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या लखनौ खंडपीठाला तेच पुन्हा सांगावे लागले : छाननी समितीच्या सकारण निर्णयावाचून परवानाधारकास शस्त्र जमा करण्याची सक्ती करता येणार नाही. एका उच्च न्यायालयाचा निर्णय दुसऱ्या राज्यातील ठाण्यापर्यंत आपोआप पोहोचत नाही. प्रत्येक ठिकाणी कोणीतरी एकाने पुन्हा खर्च सोसून तो न्यावा लागतो, आणि ज्याची बंदूक महिना-दोन महिन्यांनी परत मिळणारच आहे तो हा खर्च सहसा करीत नाही. मंदगतीचे हे दुसरे कारण होय.

महिना-दोन महिने म्हणजे किती, याचा हिशेब आपल्या प्रदेशात करून पाहावा. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीची आचारसंहिता १६ मार्चला लागली. चंद्रपूर आणि गडचिरोली-चिमूर मतदारसंघांत मतदान १९ एप्रिलला झाले. मतमोजणी ४ जूनला. म्हणजे मतदान होऊन गेल्यावरही सुमारे दीड महिना निवडणूक संपलेली नव्हती. त्याच वर्षी विधानसभेची निवडणूक १५ ऑक्टोबरला जाहीर झाली आणि मतमोजणी २३ नोव्हेंबरला. हा काळ धान भरण्याचा आणि कापणीचा. रानडुकरांना आचारसंहिता लागू नाही. शेताच्या मचाणावर रात्रभर बसणाऱ्या माणसाच्या दृष्टीने अनेकवचनी हुकूम आणि एकवचनी हुकूम यांतील अंतर याच चाळीस दिवसांचे आहे.

तुलनेसाठी अमेरिकेकडे क्षणभर पाहणे उपयुक्त ठरेल, कारण तेथेही स्थानिक बंदी आणि न्यायालय यांचा झगडा असाच लांबला, पण वेगळ्या कारणांनी. शिकागोजवळच्या मॉर्टन ग्रोव्ह या लहानशा गावाने १९८१ मध्ये पिस्तुलांवर बंदी घातली. पुढच्याच वर्षी संघराज्याच्या अपील न्यायालयाने ती वैध ठरवली. शिकागो शहराची बंदी १९८२ ची, वॉशिंग्टनची त्याहून जुनी, १९७६ ची. वॉशिंग्टनची बंदी सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली रद्द केली आणि तो हक्क राज्यांना व शहरांनाही बंधनकारक आहे, असे शिकागोच्या प्रकरणात २०१० साली ठरवले. बत्तीस आणि अठ्ठावीस वर्षे! तेथे बंदी कायमची होती, त्यामुळे वाद थांबून राहू शकला. अर्जदार बदलले, न्यायाधीश बदलले, बंदी जागेवर होती. आपल्याकडे बंदीच मरते आणि पुन्हा जन्म घेते. तेथे निकाल लागला की कायदा पडतो. आपल्याकडे निकाल लागला तरी पुढचा हुकूम नव्या तारखेने निघू शकतो. आपल्या अभ्यासकांनी अमेरिकेतील हक्काची भाषा सरसकट उचलू नये, ती याच कारणासाठी.

आतापर्यंत हुकमांचे विवेचन केले. परंतु वनजिल्ह्यांत बंदीचा एक प्रकार असा आहे की ज्यात हुकूमच नसतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या ३४ व्या कलमानुसार अभयारण्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपली नोंदणी करून घ्यावयाची असते, आणि त्या टापूत मुख्य वन्यजीव रक्षकाच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना देता येत नाही. ताडोबा राष्ट्रीय उद्यान १९५५ चे; अंधारी आणि वैनगंगेपलीकडचे चपराळा ही अभयारण्ये १९८६ ची. गोंडपिपरी-कोठारी भागातील सुमारे २६९ चौरस किलोमीटर जंगलाच्या कन्हाळगाव अभयारण्यास राज्य वन्यजीव मंडळाने डिसेंबर २०२० मध्ये मान्यता दिली. नकाशावर या प्रत्येक अभयारण्याभोवती दहा किलोमीटरची रेषा ओढली असता जिल्ह्यातील किती शेती तिच्या आत येते, हे विद्यार्थ्यांनी स्वतः करून पाहावे.

१३ वे कलम ज्याला परवाना 'द्यावा' म्हणते, त्याच शेतकऱ्याच्या अर्जावर ३४ वे कलम दुसऱ्या खात्याची सही मागते. ती सही नाकारली गेली तर दाद मागता येते. ती नुसती आलीच नाही तर कशाविरुद्ध दाद मागावयाची? मौनाला 'ज्याअर्थी' नसतो. अलाहाबादच्या १९९३ च्या निर्णयाने या मौनावरच बोट ठेवले होते. त्याने सुचवलेला उपाय अतिरेकी होता हे मान्य केले, तरी त्याला दिसलेला रोग खरा होता. उलट बाजूस, २०१५ मध्ये महाराष्ट्र शासनाने पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर व नीलगाय यांना मारण्याची परवानगी देण्याची पद्धत सुलभ केली. तिचा लाभ घ्यावयाचा तर परवान्याची बंदूक हवी. एक खाते मारण्याची परवानगी देते आणि दुसऱ्या खात्याच्या दारात बंदुकीचा अर्ज पडून असतो, अशी ही स्थिती आहे.

या विवेचनावर एक गंभीर आक्षेप येऊ शकतो, आणि तो टाळणे योग्य होणार नाही. १९८० पासून या जंगलांत नक्षलवादी दलमांचा वावर राहिला. भरमार बंदुका गावकऱ्यांच्या हातून त्यांच्या हाती गेल्या, आणि त्याच बंदुकांनी गावकरीही मारले गेले. गडचिरोली पोलिसांच्या आवाहनानंतर अनेक गावांतील लोकांनी आपल्याजवळच्या भरमार स्वेच्छेने ठाण्यात आणून दिल्या, त्या भीतीपोटीच नव्हे. घरात बंदूक असणे हाच दोन्ही बाजूंकडून धोका झाला होता. डॉ. आंबेडकरांनी १९४८ मध्ये मांडलेली शंका येथे पुस्तकी राहत नाही. तेव्हा शस्त्रबंदीचा हुकूम हा नेहमीच जुलमी असतो, असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा मुळीच हेतू नाही. परंतु ज्या बंदुका दलमांकडे गेल्या त्या बहुतांशी विनापरवाना होत्या, आणि निवडणुकीत ठाण्यात जमा होते ती परवान्याची, म्हणजे सरकारला जिचा क्रमांक, मालक आणि गाव आधीच ठाऊक आहे अशी. जिचा पत्ता ठाऊक आहे ती बंदूक घेणे सोपे, म्हणून ती घेतली जाते. धोका आणि सोय या दोहोंपैकी हुकूम कशाच्या मागे चालला आहे, हे तपासण्याचे साधन न्यायालयांनी १९६१, १९८३ आणि २००९ या तीन टप्प्यांत घडवले.

ते साधन वापरावयाचे तर जिल्ह्यांचे हुकूम आधी हाती असावे लागतात. हे हुकूम छापील ग्रंथांत नाहीत. ते फलकांवर लागतात आणि मुदतीनंतर उतरवले जातात. मराठीत लिहिलेले असूनही मराठीच्या अभ्यासकांनी त्यांच्याकडे गद्य म्हणून कधी पाहिलेले नाही. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांतील एका दशकाचे ३७ व्या कलमाखालील हुकूम तारीखवार जमवले, आणि प्रत्येकातील 'ज्याअर्थी'चा मजकूर मागच्या हुकमाशी ताडून पाहिला, तर किती ठिकाणी केवळ तारीख बदलली आहे आणि किती ठिकाणी नवे कारण आले आहे, हे मोजता येईल. एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या प्रबंधिकेस हा विषय पुरेसा आहे.